गाडी लागू नये म्हणून

चिपळूणच्या बसस्टँडवर माझा गाळा आहे. आलेपाक, आवळासुपारी, लिंबाच्या गोळ्या, सुंठीच्या वड्या, कागदी पिशव्या. थोडक्यात, गाडी लागणाऱ्या माणसाला जे जे हवं ते सगळं. पूर्वी घाटावर जाणाऱ्या दोन-चार बायका मुलांना घेऊन यायच्या, आलेपाक घ्यायच्या आणि जायच्या. बिनड्रायव्हरच्या बस सुरू झाल्या आणि धंदा असा वाढला की मला टेकायला वेळ मिळेना. जन्मात कधी गाडी न लागलेली धडधाकट माणसं कराडहून उतरायची ती पिवळी पडून. आधी खांबाला धरायची, मग माझ्याकडे यायची. लोकांच्या मळमळीवर आपली चूल पेटते याचं वाईट वाटायचं, पण खरं सांगायचं तर वाईट वाटायलाही अंगात त्राण राहायचं नाही.

त्यात घरातली तऱ्हा वेगळीच. माझे यजमान, सुधाकर खेराडे, उभं आयुष्य कुंभार्ली घाटात बस चालवत आले. घाटातल्या एकेका वळणाला ड्रायव्हर लोकांनी नावं ठेवलेली आहेत. 'ढेरपोट्या' म्हणजे बाहेर सुटलेलं लांबलचक वळण. 'मामलेदार' म्हणजे जिथे वाकून, वेग कमी करूनच पुढे जावं लागतं ते. आणि 'सासूबाई' म्हणजे संपलं संपलं म्हणताना पुन्हा सुरू होणारं. ही नावं हे झोपेतही बडबडायचे. नव्या बस आल्यावर एसटी मंडळाने जुन्या ड्रायव्हरांना घरी बसवलं नाही, 'सुरक्षा सोबती' केलं. पुढच्या सीटवर हात बांधून बसायचं. यंत्राला काही उमगेनासं झालं की घंटी वाजते, समोरून स्टिअरिंग बाहेर येतं, तेव्हा गाडी हातात घ्यायची. तोपर्यंत कशाला हात लावायचा नाही.

हे घाटावरच्या हेळवाक गावच्या नळावर शर्ट धुऊन ओल्या अंगाने घरी यायला लागले तेव्हा मला वाटलं, चहा सांडत असेल. रोज कसा सांडेल?

"अहो, खरं सांगा. काय होतंय?"

ओला शर्ट दोरीवर टाकला. मग म्हणाले, "गाडी लागते."

मी हसले. माझी चूकच झाली, पण हसू आलं. अख्ख्या तालुक्याला आलेपाक विकणारी मी, आणि माझ्या घरातला ड्रायव्हर घाटात ओकतोय!

"हस," म्हणाले. "डेपोत कळलं तर तेही हसतील. आणि मग पोराटोरांना बसवतील माझ्या जागी."

पण डेपोत सगळ्यांचीच ती गत होती. कोणी कोणाला सांगत नव्हतं, एवढंच. शेवटी मंडळाने डॉक्टर आफरीन परकारांना बोलावलं. आमच्या गावातल्याच कानाच्या डॉक्टर. बारीक अंगाच्या, सदानकदा दमलेल्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवून समजावलं. सोबत्यांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं, म्हणून मीही ऐकलं.

त्या म्हणाल्या, "कानाच्या आत पाण्याने भरलेल्या तीन बारीक नळ्या असतात. डोकं वळलं की त्यांतलं पाणी हलतं आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. डोळे वेगळी खबर देतात, पाय वेगळी. पण मेंदू नुसता खबरा ऐकत बसत नाही. तो आधीच अंदाज बांधून ठेवतो, की आता असं असं होणार. अंदाज आणि खबर जुळली की तो निवांत. नाही जुळली की तो घाबरतो, आणि घाबरला की पोट ढवळतो. ड्रायव्हरला गाडी का लागत नाही? स्टिअरिंग त्याच्याच हातात असतं. वळण यायच्या आधी त्याच्या मेंदूला ते ठाऊक असतं. तुमच्या हातातून स्टिअरिंग काढून घेतलं, म्हणजे तुमचा अंदाजच काढून घेतला."

हे माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी मान खाली घातली. त्यांना बरं वाटलं असावं, की दोष पोटाचा नाही.

मग औषधांची तुलना ठरली. सोबत्यांचे तीन गट केले. एका गटाला जुनी सिनारिझिनची गोळी. ती पोट सांभाळते, पण पेंग आणते. दुसऱ्याला कानामागे लावायची स्कोपोलामिनची चिकटपट्टी. तिने तोंडाला कोरड पडते, जवळचं धूसर दिसतं, आणि पट्टीला लागलेलं बोट चुकून डोळ्याला लावलं तर बाहुली मोठी होऊन बसते. तिसऱ्याला एका कंपनीची नवी गोळी, 'निश्चल'. ती पेंग आणत नाही, तोंड सुकवत नाही. अंदाज आणि खबर यांच्यातली तफावत ज्या निरोपाने मेंदूभर पसरते, तो निरोपच ती अडवते. अंदाज चुकला तरी मेंदूला चुकल्याचं कळत नाही. कळलंच नाही तर घाबरणार कसा?

कोणाला काय मिळालं हे लपवलेलं नव्हतं, कारण पट्टी आणि गोळी लपवणार कशी? ह्यांच्या वाट्याला निश्चल आली. बाटलीच्या झाकणात चिप होती. रोज सकाळी झाकण उघडलं की डॉक्टरांच्या संगणकावर नोंद जायची.

पहिल्या आठवड्यात हे शर्ट न धुता घरी आले. मी म्हटलं, चला, सुटलो. पण ह्यांचा चेहरा काही खुलला नव्हता.

"गुण नाही आला?"

"आला. घाट लागतच नाही." ताटातली भाकरी नुसती मोडत राहिले. "पोटाला नाही लागत, तसा हातालाही नाही लागत गं. बस वळते, मी आपला बसलेला. टीव्हीवर घाट बघावा तसं."

"मग चांगलंच की."

"असेल," म्हणाले.

त्याच महिन्यात मला ताप आला, आणि ताप उतरल्यावर एका सकाळी छत फिरायला लागलं. उशी फिरत होती, खिडकी फिरत होती, मी भिंतीला धरून न्हाणीत गेले आणि तिथेच बसले. डॉक्टर परकारांनी तपासलं. डाव्या कानाची तोलाची नस तापात दुखावली होती. एक कान म्हणतो आपण स्थिर आहोत, दुसरा नीट काही सांगत नाही, आणि मेंदूला वाटतं जगच फिरतंय. त्यांनी सिनारिझिन दिली, पण थोडेच दिवस.

"ताई, नंतर गोळी बंद करायची आणि व्यायाम करायचा. अंगठ्याकडे बघत मान हलवायची, एका रेषेत चालायचं. चक्कर येईल. येऊ द्यायची. मेंदूला आपली चूक रोज दिसली तरच तो शिकेल की आता या कानावर भरवसा नाही. चक्कर दाबत राहिलात तर तो शिकणार नाही."

सांगायला काय जातं? मी अंगठा धरला, मान हलवली, आणि पोटातलं सगळं बाहेर आलं. आठवडाभर हेच. गाळा बंद. हे ड्यूटीवरून आल्यावर स्वयंपाक करायचे, मला धरून न्हाणीत न्यायचे. एकदा मी म्हटलं, यापेक्षा मेलेलं बरं. रागाने नाही, दमून म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी बाटलीचं झाकण उघडलं, गोळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"घेऊन बघ."

"आणि तुम्ही?"

"तुझ्या त्या जुन्या उरल्यात ना? त्या घेतो. माझं चालतंय."

यात आम्हाला काहीच वावगं वाटलं नाही, हे इथे सांगायला हवं. आमच्याकडे औषधाची पट्टी कधी एकट्याची नसते. फ्रिजवर पत्र्याचा डबा असतो, उरलेली प्रत्येक गोळी त्यात पडते. शेजारीण येते, म्हणते, माझा गुडघा दुखतोय, तुम्हाला कशाने गुण आला? आपण तिला गोळी काढून देतो. तिला बरं वाटलं की आपल्याला बरं वाटतं. एखाद्याचं दुखणं बघून आपली गोळी मुठीत दाबून बसणारा माणूस आम्ही बघितलेला नाही.

तासाभरात जग थांबलं. मी उठले, भांडी घासली, केस विंचरले. चार दिवसांनी गाळा उघडला. व्यायाम केला तर चक्करच येईना. मला वाटलं, बरी झाले. म्हणून एके दिवशी गोळी घेतली नाही, तर संध्याकाळी स्टँडवरच बसकण मारली. आवळासुपारीच्या बरण्या डोळ्यांसमोर गरगरत होत्या. तेव्हापासून पुढचे काही महिने गोळी चुकवली नाही. झाकण रोज वेळेवर उघडत होतं. डॉक्टरांच्या संगणकाला ते उघडताना दिसत होतं, गोळी कोणाच्या तोंडात गेली ते दिसत नव्हतं.

हे दुकानातून आणलेल्या सिनारिझिनवर आणि आलेपाकावर घाट काढत होते. अर्धवट पेंगत, अर्धवट मळमळत. पण तपासणीत कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "मस्त." स्टिअरिंग हातात घ्यायची, पडद्यावरच्या खोट्या घाटातली परीक्षा व्हायची, त्यातही पेंग असली तरी हे जुन्या सवयीने पटकन गाडी सावरायचे. निश्चलच्या गटात दत्ताराम आणि विलास असे आणखी दोन जुने सोबती होते, तेही पटकन सावरायचे. अहवाल कंपनीकडे गेला, की निश्चल सगळ्यांत उत्तम, आणि हातांवर काही परिणाम नाही. राज्यातल्या सगळ्या घाटांत, सगळ्या सोबत्यांना तीच गोळी द्यायचं ठरत आलं.

आणि मग सोहम घागच्या हातून बस कठड्याला धडकली.

सोहम ह्यांच्याच तालमीत तयार झालेला. पंचविशीतला, घरी आई आणि नवी बायको. ढेरपोट्यावर कुठल्यातरी ट्रकचं डिझेल सांडलं होतं. घंटी वाजली, सोहमने स्टिअरिंग घेतलं, पण मागची चाकं केव्हाच सरकायला लागली होती. कठडा जुना आणि जाड, म्हणून बस दरीत गेली नाही. एका बाईचं मनगट मोडलं. मंडळाने ठरवून टाकलं की सोहमचं लक्ष नव्हतं, आणि त्याला निलंबित केलं.

तो घरी आला. चहाला हात लावला नाही.

"काका, मी जागा होतो. समोर बघत होतो. गाडी सरकली ते मला कळलंच नाही. आरशात कठडा दिसला तेव्हा कळलं."

ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "होतं कधीकधी." पण तो गेल्यावर मला म्हणाले, "डिझेलवर सरकलेली गाडी बुडाखाली कळते. डोळ्यांना काही दिसायच्या आधी कळते. असं कसं नाही कळलं त्याला?"

मीही म्हटलं, पोरगा लपवत असेल काहीतरी. चार दिवसांनी मी पोटमाळ्यावरून गूळ काढायला शिडीवर चढले. पाय निसटला. पाय निसटल्यावर माणूस दचकतो, हात मारतो, काहीतरी धरतो. मी काहीच केलं नाही. मला जमीन लागली तेव्हाच कळलं की मी पडले. कपाळाला खोक पडली, खांदा ठणकत होता. हे धावत आले.

"धरलं का नाहीस? बाजूला कपाट होतं!"

"पडतेय ते मला कळलंच नाही हो," मी म्हटलं.

म्हटलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. हेच वाक्य सोहम चार दिवसांपूर्वी याच घरात बसून बोलला होता. हे खाली जमिनीवर बसले. माझ्या कपाळाला फडकं दाबून धरलं.

"तोही निश्चलच्याच गटात. आणि तो खरंच गोळी घेत होता," म्हणाले. "आमच्यासारखी दुसऱ्याला दिली नाही त्याने."

रात्री जेवण गेलं नाही. आमचं भांडणही झालं, पण मोठ्याने भांडायलाही ताकद लागते. मी म्हटलं, सांगितलंत तर नोकरी जाईल. हे म्हणाले, जाईल. मी म्हटलं, माझी गोळीही जाईल. मला भीती वाटत होती, आणि ती सोहमसाठी नव्हती. त्या फिरणाऱ्या छताखाली परत जायची भीती होती. गाळ्यावर उभं राहायचं, स्वतःच्या पायाने न्हाणीत जायचं, एवढंच तर मला परत मिळालं होतं. ते एका बाटलीत होतं, आणि बाटली ह्यांच्या नावावर होती.

सकाळी ह्यांनी सवयीने झाकण उघडलं. गोळी माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही.

"परकार डॉक्टरांकडे जाऊ," मी म्हटलं. "छत फिरायला लागायच्या आत."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले.

"दत्ताराम आणि विलास?"

"काल रात्री फोनवर विचारलं मी," हे म्हणाले. "दत्ताराम सासूला देत होता, तिलाही चक्कर येते. विलासने मुलीला दिल्या. ती कॉलेजच्या सहलीला गोव्याला गेली होती, तिला आवडल्या."

डॉक्टरांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "म्हणजे माझ्या गटातले जे चपळ होते, त्यांनी गोळी खाल्लीच नाही. आणि ज्यांनी खाल्ली ते संथ होत गेले, ते तुमच्या सरासरीत झाकले गेले. मी सही केली त्यावर." थोडं थांबून म्हणाल्या, "झाकणावर भरवसा ठेवला मी. तुमच्या घरात कोणी आजारी आहे का, हे मला विचारायला हवं होतं."

"चूक आमची, डॉक्टर."

"आहेच. पण ती सांगायची कुठे ते महत्त्वाचं." त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, चुकल्याचा निरोप अडवला की मळमळ थांबते. पण चाक सरकल्याची पहिली खबर तोच निरोप आणतो. पाय निसटल्याची खबरही तोच आणतो. आणि मेंदूला शिकवतोही तोच. तुमचा मेंदू इतके महिने काही शिकलेला नाही. आता गोळी थांबवली की पहिल्या दिवसापासून सुरुवात. या वयात, इतक्या उशिरा, किती भरून येईल ते मी सांगू शकत नाही."

"आणि चालू ठेवली तर?"

"तर चक्कर येणार नाही. तुम्ही पडत राहाल."

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत, आणि आठवून घ्यायची इच्छाही नाही. छत फिरत होतं. हे रजा टाकून घरी होते. मी अंगठ्याकडे बघत मान हलवायची, हे बादली धरून बसायचे. मी शिव्या दिल्या, त्या त्यांनी ऐकून घेतल्या. हळूहळू छत थोडं कमी फिरायला लागलं. मी अंगणात भिंतीच्या आधाराने चालायला लागले. मग हातात काठी. डॉक्टर म्हणाल्या, शिकतोय, पण सावकाश.

मंडळाची आणि कंपनीची चौकशी कराडला लागली. ह्यांनी तिथे सगळं सांगायचं होतं. कंपनीचा माणूस म्हणाला होता की एका सोबत्याच्या शब्दावर औषध वाईट कसं ठरेल? म्हणून सोहमखेरीज गोळी प्रत्यक्ष खाल्लेलं माणूस समोर हवं होतं. म्हणजे मी. डेपोतल्या साहेबांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलंही, की सोहम सुटेल, पण तुम्ही काही नोकरीत राहत नाही. हे म्हणाले, बरं.

कराडला जायचं म्हणजे घाट. घाट म्हणजे बिनड्रायव्हरची बस. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, तोल दाबणारं कुठलंच औषध घ्यायचं नाही. मी माझ्याच गाळ्यातला आलेपाक घेतला, कागदी पिशव्या घेतल्या, आणि काठी टेकत बसमध्ये चढले. घाटाच्या पायथ्याचं पोफळी गाव मागे पडलं आणि पहिल्याच वळणावर पोट तोंडाशी आलं.

"अहो, उतरवा मला. नाही जमणार."

ह्यांनी पिशवी माझ्या हातात दिली नाही. माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत ह्यांनी कधी माझा हात धरला नव्हता.

"समोर बघ. डोळे मिटू नको. आता उजवीकडे. लांब आहे, सावकाश जाणार. आलं बघ... आता."

बस उजवीकडे वळली. मी वळण यायच्या आधीच कलले होते.

"आता डावीकडे, छोटं. ... झालं. आता थोडा दम घे, सरळ आहे. पुढे मामलेदार, वाकून जायचंय. ब्रेक लागणार. ... लागला."

मळमळ गेली नाही. पण ती जिथे होती तिथे थांबली. ढेरपोट्या आला तेव्हा कठड्याचा नवा बांधलेला तुकडा पांढरा दिसत होता. ह्यांचा आवाज थोडा घसरला, पण त्यांनी वळण सांगितलं. मागच्या सीटवर एक बाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, दोघांचे चेहरे हिरवे पडले होते. ती पुढे वाकून म्हणाली, "भाऊ, जरा मोठ्याने सांगा की."

मग हे मोठ्याने सांगायला लागले. अख्खी बस उजवीकडे झुकायची, डावीकडे झुकायची. पुढे सोबत्याच्या सीटवर बसलेला मुलगा मान वळवून ऐकत होता.

"सासूबाई," हे म्हणाले. "संपली असं वाटेल. संपलेली नाही. ... अजून आहे. ... अजून. ... आता संपली."

घाटमाथ्यावर गार वारा आत आला. ह्यांच्या मांडीवरची पिशवी कोरडी होती. ह्यांच्या शर्टाकडे बघितलं, तोही कोरडा होता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"आता पुढे?" मी विचारलं.

"आता सरळ. कोयनेपर्यंत काही नाही."

"आणि कराडला गेल्यावर?"

ह्यांनी कोरडी पिशवी घडी करून खिशात घातली.

"तिथलं मला माहीत नाही," म्हणाले. "तू हात धरून ठेव."